खामकाठची पाणचक्की : पाणी दळतं, पण कुणासाठी?



आजचा विषय पिठाच्या गिरणीचा आहे असं कळल्यावर आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडलं की काय?" मी म्हटलं, सोडलं नाही, जरा दळायला टाकलंय. तुम्हालाही तीच शंका आली असेल, म्हणून हा विषय माझ्या डोक्यात कसा आला ते आधी सांगतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण सगळ्यांनी भोगला आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. पाणी चढायला लागल्यावर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी विश्रामबागेला बहिणीकडे गेलो. जाताना माझ्या पत्नीनं शहाणपणानं गव्हाची अर्धी गोणी रिक्षात टाकली. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या घरातलं पीठ संपलं. गहू होते, गॅस होता, तवा होता, माणसं होती. पीठ नव्हतं. वीज नाही म्हणून कोपऱ्यावरची गिरणी बंद आणि घरातली छोटी चक्कीही बंद. जातं कुणाकडेच नव्हतं. बहिणीचं जातं होतं, ते तिच्या सुनेनं बागेत तुळशीखाली शोभेला ठेवलं होतं, वरचा दगड एकीकडे, खालचा दुसरीकडे. मिक्सरही विजेवरच. शेवटी आम्ही गहू भिजवून, शिजवून खाल्ले.

तो प्रसंग छोटा होता. ज्यांची घरं वाहून गेली, जनावरं गेली, त्यांच्यापुढे आमचं दुःख काहीच नाही. पण माझ्या मनात एक गोष्ट बसली. धान्य आणि भाकरी यांच्यामध्ये एक पायरी आहे, दळण्याची. ती आपण इतकी विसरलो आहोत की ती बंद पडल्यावरच दिसते. ती पायरी कोण चढतं, कुणाच्या ताकदीनं चढतं, आणि त्या ताकदीवर हक्क कुणाचा, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी मी तुम्हाला कृष्णेवरून खाम नदीवर नेणार आहे.

घरट, घरोट, घराट

आधी शब्दांकडे पाहू. दळण्याच्या दगडाला संस्कृतात 'घरट्ट' म्हणतात. खानदेशात जात्याला 'घरोट' म्हणतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तो शब्द साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. आणि हिमालयात, गढवाल-कुमाऊँकडे जा, तिथे ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीला 'घराट' म्हणतात. शब्द एकाच कुळातले; आपल्याकडे ते यंत्र बाईच्या हातानं फिरतं आणि तिकडे पाण्यानं.

म्हणजे पाण्यावर दळता येतं हे या देशाला माहीत होतं. मग दख्खनमध्ये घरोटाचं घराट का झालं नाही? हा प्रश्न लक्षात ठेवा. कारण एका ठिकाणी ते झालं होतं.

नदीकाठची, पण नदीवर न चालणारी

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे ज्याला आपण आयुष्यभर औरंगाबाद म्हणत आलो, त्या शहरात खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. तुमच्यापैकी बरेच जण वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत तिथे गेला असाल. मोठा वड, लांबट हौद, त्यात मासे, भिंतीवरून कोसळणारं पाणी, एवढं सगळ्यांना आठवतं. कोपऱ्यातल्या खोलीत चक्की असते, तिथे मुलं दोन मिनिटं थांबतात आणि पुढे कुल्फीकडे जातात.

त्या जागेची पहिली गंमत ही की ती नदीकाठी आहे, पण नदीच्या पाण्यावर चालत नाही. खाम ही आपल्या दख्खनच्या बहुतेक नद्यांसारखी. पावसाळ्यात लोंढा आणि उन्हाळ्यात खडक. अशा नदीवर चाक बसवलं तर पावसाळ्यात ते वाहून जाईल आणि मार्चनंतर फिरायचं थांबेल. म्हणून बांधणाऱ्यांनी नदीचा नाद सोडला आणि शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या वरच्या अंगाच्या डोंगराळ भागातलं झऱ्याचं, जमिनीत मुरलेलं पाणी गोळा केलं. ते काही किलोमीटर जमिनीखालून आणलं. याला तिकडे 'नहर' म्हणतात.

ही विद्या त्या शहराला नवी नव्हती. मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास खडकी गाव वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. त्यानं शहरासाठी जी नहर बांधली ती 'नहर-ए-अंबरी' म्हणून प्रसिद्ध आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शहराभोवती अशा अनेक नहरींचं जाळं झालं. पाणचक्कीची नहर त्यातलीच एक.

नहर चालते कशी? मातीच्या भाजलेल्या नळ्या एकात एक बसवून चुन्याच्या बांधकामात पुरलेल्या असतात. वाटेत ठिकठिकाणी उंच बांधीव खांब असतात. नळीतली हवा कोंडली तर पाणी अडतं आणि दाब वाढला तर नळी फुटते, म्हणून हवा सोडायला आणि दाब सांभाळायला हे खांब. बाकी काम पाण्याचा स्वभाव करतो. बंद नळीतलं पाणी मध्ये खोलगट भागात उतरलं, तरी पलीकडे जवळजवळ मूळ उंचीइतकं पुन्हा चढतं. पंप नाही, इंजिन नाही. पाणचक्कीच्या आवारात हे पाणी एका उंच भिंतीतून वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. शाळेत आपण शिकलो की पाणी आपली पातळी शोधतं. तिथे ते वाक्य डोळ्यांनी दिसतं.

आता चक्की. चाक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उभं चाक येतं, चित्रातल्या युरोपीय गिरणीसारखं. इथलं चाक आडवं आहे, जमिनीला समांतर, पंख्यासारखी पाती असलेलं. ते खाली खड्ड्यात असतं. पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो, चाक फिरतं. चाकाच्या मधून एक उभा दांडा निघतो, खालच्या स्थिर दगडाच्या भोकातून वर जातो आणि वरच्या दगडाला फिरवतो. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. दातेरी चाकं नाहीत, पट्टा नाही, बिघडायला फारसं काही नाहीच. हिमालयातलं घराट असंच असतं. आपल्या जात्याचा खुंटा काढा, बाईचा हात काढा आणि खालून पाण्याचा हात लावा, की झाली पाणचक्की.

किती ताकद मिळते? एक ढोबळ हिशेब करू. हे पाणचक्कीचं मोजमाप नाही, केवळ अंदाज यावा म्हणून उदाहरण आहे. सेकंदाला ४० लिटर पाणी ६ मीटरवरून पडलं, तर ४० गुणिले ९.८ गुणिले ६, म्हणजे सुमारे २३५० वॅट. साध्या लाकडी-लोखंडी चाकात निम्मी ताकद वाया गेली असं धरा. उरली ११७५ वॅट, म्हणजे दीड अश्वशक्ती. आजच्या मानानं काहीच नाही. पण धडधाकट माणूस दिवसभर एकसारखं काम करतो तेव्हा त्याची ताकद ७५ वॅटच्या आसपास असते. म्हणजे ते पाणी पंधरा-सोळा माणसांचं काम करतं. आणि रात्री झोपत नाही.

बुखाऱ्याहून आलेला मुसाफिर

हे कुणी केलं आणि कशासाठी?

पाणचक्कीच्या आवारात दर्गा आहे, बाबा शाह मुसाफिर यांचा. ते नक्शबंदी परंपरेचे सूफी, मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूनं आलेले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचीही कबर तिथेच. या दोघांच्या आठवणींचा एक फारसी ग्रंथ आहे, 'मल्फुजात-ए-नक्शबंदिया'. सायमन डिग्बी या अभ्यासकानं त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. औरंगजेबाच्या दख्खनमधल्या सामान्य सैनिकांचं, फकिरांचं, वाटसरूंचं जग त्यात दिसतं.

इथे थोडं थांबायला हवं. आपण मराठी माणसं आहोत. औरंगजेबाचं दख्खनचं युद्ध म्हणजे आपल्यासाठी कुणा परक्याचा इतिहास नाही. बाबा पलंगपोश मोगल सरदाराच्या फौजेबरोबर फिरत. त्यांच्या मठाला मिळणारे पैसे त्या सरदारांकडून येत, आणि सरदारांचे पैसे रयतेकडून. हे लपवून पाणचक्कीचं गोडगोड वर्णन मी करणार नाही. पण एवढं सांगून ती जागा निकालातही काढणार नाही. लढाई जिंकणारे आणि हरणारे, दोघांनाही संध्याकाळी भूक लागते.

बाबा मुसाफिर १८व्या शतकाच्या सुरुवातीला गेले. त्यांच्यानंतर मठ वाढला. निजामुल्मुल्कच्या दरबारातल्या तुर्कताज खान या सरदारानं पाणचक्की बांधवली असं सांगितलं जातं. लांबट हौद आणि कारंजी जमील बेग खानाची. नहरीचं काम १७४४ च्या सुमारास पुरं झाल्याचं सर्वसाधारणपणे मानतात. मध्य आशियात आणि इराणात पाण्याच्या चक्क्या फार जुन्या. तिकडून आलेल्या माणसांच्या मठात चक्की उभी राहावी यात नवल नाही.

मठाला चक्की लागली, कारण मठात लंगर होता. फकीर, यात्रेकरू, वाटसरू, अनाथ मुलं, शिकायला आलेले तालिब, यांची रोजची रोटी. दोन-चारशे माणसांचं पीठ जात्यावर दळायचं म्हणजे बायकांची फौज लागेल, आणि फकिरांच्या मठात ती आणायची कुठून? म्हणून पाण्याला कामाला लावलं.

हौदाची रचनाही बघण्यासारखी. हौदाचा तळ हे खालच्या एका प्रशस्त दालनाचं छप्पर आहे. जाड खांबांवर तो पाण्याचा भार तोललेला आहे. वर पाणी असल्यामुळे खालचं दालन उन्हाळ्यातही थंड राहतं. आणि उरलेलं पाणी खाली खाम नदीत सोडून देतात.

एकच पाणी आलं, दळून गेलं, प्यायला मिळालं, वुजूला मिळालं, खोली थंड करून गेलं आणि नदीला मिळालं. म्हणून मी म्हणतो, कुठल्याही यंत्रापुढे उभे राहिलात की तीन प्रश्न विचारा. ताकद कुठून येते? पीठ कुणाच्या ताटात जातं? आणि उरलेलं कुठे जातं? पाणचक्कीकडे तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत. आपल्या आजच्या गिरणीकडे किती आहेत ते पुढे बघू.

मग एकच का?

आता मघाचा प्रश्न. एवढं सोपं यंत्र, मग दख्खनमध्ये गावोगाव का झालं नाही?

पहिलं कारण नदीचं. ते सांगितलं. बारमाही धार आणि उतार दोन्ही एकत्र असणं आपल्या पठारावर दुर्मीळ. नहर बांधायची तर सरदाराचा खजिना लागतो. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही असं मला वाटतं.

दुसरं कारण समजायला जरा युरोपात जाऊ. मार्क ब्लॉक हा मोठा फ्रेंच इतिहासकार. पुढे १९४४ मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. त्यानं १९३५ मध्ये पाणचक्कीवर एक निबंध लिहिला. त्याचा प्रश्न आपल्यासारखाच होता. रोमनांना पाणचक्की माहीत होती. व्हिट्रुव्हियसनं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिचं वर्णन केलेलं आहे. मग ती सर्वत्र पसरायला इतकी शतकं का लागली? ब्लॉकचं उत्तर असं, की गुलाम स्वस्त होते तोवर यंत्राची गरज कुणाला वाटली नाही. पुढच्या संशोधनानं हे उत्तर बरंच दुरुस्त केलं. दक्षिण फ्रान्समध्ये बार्बगाल इथे सोळा चाकांची रोमन गिरणी सापडलेली आहे. म्हणजे रोमन अगदीच गप्प बसले नव्हते. पण ब्लॉकच्या प्रश्नाची दिशा बरोबर होती. ज्या कष्टाची किंमत कुणी मोजत नाही, तो कष्ट वाचवायला कुणी पैसा घालत नाही.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे दळणारे गुलाम नव्हते, असं आपण म्हणतो. मग पहाटे चार वाजता कोण उठत होतं?

माझी आई उठायची. वाळव्याकडचं आमचं गाव. घरात खाणारी अकरा तोंडं. ज्वारी, कधी बाजरी. आई आणि काकू समोरासमोर बसून दोन हातांनी खुंटा ओढायच्या. एकीनं वैरण घालायची, दुसरीनं ओढ सांभाळायची. पीठ जाड पडायला लागलं की पाथरवट यायचा, जात्याला टाकी लावून जायचा. दीड-दोन तास रोज, वर्षाचे सगळे दिवस. आजारपण, गरोदरपण, काही असो. त्या कष्टाची नोंद वडिलांच्या कुठल्याही वहीत नव्हती. गड्याची मजुरी लिहिलेली होती, बैलाची पेंड लिहिलेली होती. दळणाचा रकाना नव्हता. मग ज्याचा रकानाच नाही, तिथे यंत्र कशाला आणायचं?

पाणचक्कीचं महत्त्व मला इथे दिसतं. ती चमत्कार म्हणून मोठी नाही. तिथे दळणाऱ्या बायका नव्हत्या म्हणून दळणाचा खर्च डोळ्यांना दिसला, आणि दिसला म्हणून उपाय निघाला. एरवी गावोगावच्या घरांत तो दिसलाच नाही.

जातं गोड करू नका, आणि गिरणीही

तुम्ही म्हणाल, जात्यावर ओव्या झाल्या, किती मोठं धन. शंभर टक्के मान्य. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायला मिळतात. जरूर ऐका. पण ऐकताना लक्षात ठेवा, ओव्या सुंदर आहेत, म्हणून जातं सुंदर होतं असं नाही. जनाबाईबरोबर दळायला विठ्ठल येतो अशी कथा आपण ऐकतो. बाईच्या मदतीला देवच यावा लागतो, घरातला दुसरा कुणी उठत नाही, हेही त्या कथेत आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 'दळण-कांडण करून मुलं वाढवली' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी आपल्या आजीबद्दल ऐकलेलं असेल. लहान वयात विधवा झालेली बाई, जमीन नाही, शिक्षण नाही. लोकांचं दळण हा तिचा एकमेव रोजगार होता. गावात तेलाच्या इंजिनावरची गिरणी आली. आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचं नाव त्या काळी इंजिनाशी आणि पंपाशी जोडलेलं होतं. पुक्-पुक् आवाज सुरू झाला आणि माझ्या आईला झोप मिळाली. आमच्या गल्लीतल्या एका आत्याबाईंचं मात्र उत्पन्न गेलं. दोन्ही एकाच सकाळी झालं. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला, त्यात हातदळलं पीठ आणि हातसडीचे तांदूळ हे विषय होते, त्यामागे पोषणाइतकीच ही चिंता होती. मला त्यांचा उपाय पटत नाही. आईला पुन्हा पहाटे चारला उठवायला मी तयार नाही. पण त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

गिरणीत रांग सगळ्यांची, असं आपण म्हणतो. तेही अर्धंच खरं. माझ्या लहानपणी काही डबे रांगेत ठेवले जात आणि काही बाहेर पायरीशी. पायरीवरचे डबे कुणाचे, हे कुणी सांगावं लागत नसे. यंत्राला जात नसते, पण यंत्र चालवणाऱ्याला असते.

युरोपातही चक्की आली म्हणून न्याय आला नाही. इंग्लंडमध्ये १०८६ च्या डूम्सडे बुकात सुमारे सहा हजार गिरण्यांची नोंद आहे. त्या बहुतेक जमीनदारांच्या आणि मठांच्या. रयतेनं धन्याच्याच गिरणीत दळायचं आणि पिठाचा हिस्सा द्यायचा असा दंडक. सेंट अल्बन्सच्या मठाधिपतीनं १३३० च्या दशकात लोकांच्या घरातली जाती जप्त केली आणि त्यांच्या दगडांनी मठाच्या दालनाची फरशी केली. पन्नास वर्षांनी, १३८१ च्या बंडात, लोक मठात घुसले आणि त्यांनी ती फरशी उखडली. आपापल्या जात्यांचे तुकडे ते घरी घेऊन गेले.

एक मठ पाण्याच्या ताकदीवर भुकेल्यांना जेवू घालतो. दुसरा मठ त्याच ताकदीवर लोकांची जाती हिसकावतो. यंत्र तेच. दगड, चाक आणि पाणी. फरक कशात आहे? पीठ कुणाच्या ताटात, या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात.

आपली लांबलचक पाणचक्की

आता परत आपल्याकडे. आपल्या सातारा-सांगलीच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यात एक दाणाही दळला जात नाही, तरी आपण 'चक्की' म्हणतो. भाषा विसरत नाही. आणि कोयना? सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात धरण. साठा १०५ टीएमसी. १९६२ पासून वीज. आज सगळे टप्पे मिळून सुमारे १९६० मेगावॅट क्षमता. डोंगरातल्या बोगद्यांतून पाणी पोफळीकडे कोकणात उतरवलं जातं. पहिल्या टप्प्याचा पडाव पावणेपाचशे मीटरच्या आसपास. पाण्याचा झोत पात्यांवर, पात्यांचा दांडा जनित्राला. पाणचक्कीत तो दांडा दगडाला जोडलेला होता, एवढाच फरक. ती वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि तिचा काही अंश तुमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीतही येत असणार. म्हणजे आपणही अजून पाण्यावर दळतोच आहोत. मधली नहर शेकडो किलोमीटरची झाली, इतकंच.

या लांबलचक पाणचक्कीला आपले तीन प्रश्न विचारा. ताकद कुठून येते? कोयना खोऱ्यातून, जिथली गावं पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या पुनर्वसनाच्या मागण्या साठ वर्षांनंतरही मोर्च्यांत ऐकू येतात. पीठ कुणाच्या ताटात? बिल भरेल त्याच्या. उरलेलं पाणी कुठे जातं? कृष्णा लवादानं पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेलं पाणी ६७.५ टीएमसी. ते वीज करून वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळतं, आणि इकडे आपल्या पूर्वेच्या तालुक्यांत, जत-आटपाडीकडे, उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मी वीज नको म्हणत नाही. हा माइक विजेवरच चालला आहे. पण खामकाठच्या मठात शेवटच्या थेंबाचा विचार झाला होता, तो आपण केला का, एवढंच विचारतो.

आज तिथे काय आहे

पाणचक्की आज वक्फ मंडळाच्या ताब्यात आहे. तिकीट काढून बघता येते. पण नहर दुखणाईत आहे. वर शहर वाढलं, रस्ते झाले, पाये खणले गेले आणि जुन्या मातीच्या नळ्या ठिकठिकाणी फुटल्या. खाम नदी तर अनेक वर्षं सांडपाण्याचा नाला होऊन वाहत होती. अलीकडे महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक यांनी मिळून नदी साफ करण्याचं काम मनावर घेतलं आहे, ही चांगली बातमी. पण नदी स्वच्छ होऊनही नहर मेली तर पाणचक्की ही फक्त एक इमारत उरेल. नहर म्हणजे वास्तू नाही, ते पाणलोट आहे. डोंगरावरची झाडी, झरे, नळीवरून बांधकाम होऊ नये म्हणून राखलेली जागा, हे सगळं मिळून पाणचक्की. आपण दगड जपतो आणि पाणी सोडून देतो.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

एक ताई : सर, माझी आजी नव्वद वर्षं जगली. ती म्हणायची, जात्यामुळे अंग धडधाकट राहिलं. तुम्ही फक्त ओझंच सांगितलंत.

ताई, तुमच्या आजीचं म्हणणं मी खोडत नाही. व्यायाम झालाच. पण व्यायाम आणि सक्ती यात एक फरक आहे. व्यायाम एक दिवस चुकवता येतो. आजीला ताप असताना जातं चुकवता आलं असतं का, एवढं तुमच्या आईला विचारा. 'हो' म्हणाल्या तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

एक तरुण श्रोता : मग कृष्णेवर आता अशी चक्की बसवता येईल का? पर्यावरणाच्या दृष्टीनं?

सांगलीत नाही बसवता येणार. पाणचक्कीला पडाव लागतो. आपल्याकडे कृष्णा अगदी सपाटीवरून वाहते, पूर लवकर ओसरत नाही त्याचं हेही एक कारण. हिमालयात मात्र घराट सुधारून त्यावर थोडी वीजही काढतात, तिथे ते शहाणपणाचं आहे. आपल्यासाठी मी पाणचक्कीतून यंत्र घेणार नाही, विचार घेईन. पूर येणार हे आपल्याला २००५ ला कळलं, २०१९ ला कळलं, २०२१ ला पुन्हा कळलं. पूररेषेच्या वर, प्रत्येक भागात एक तरी डिझेलवर चालणारी गिरणी तयार ठेवता येणार नाही का? शाळेत छावणी उघडतो, तिथे गहू-तांदूळ येतात. शेजारी एक गिरणी असली तर शंभर घरांच्या चुली पेटतील. महापालिकेनं करावी, एखाद्या मंडळानं करावी, देवळानं करावी, दर्ग्यानं करावी. पीठ घ्यायला येणाऱ्याला नाव-गाव न विचारता करावी.

मी स्वतः काय केलं ते सांगून थांबतो. महापुरानंतर बहिणीच्या तुळशीखालचं ते जातं मी मागून आणलं. टाकी लावणारा शोधायला चार महिने गेले. शेवटी मिरजेच्या बाजूला एक म्हातारे पाथरवट भेटले. आता ते जातं आमच्या माळ्यावर, पाण्याच्या वर आहे. दर दिवाळीला मी त्यावर शेरभर गहू दळतो. पत्नी समोर खुर्चीत बसून बघते आणि म्हणते, जाड पडतंय. शेरभर दळायला मला पाऊण तास लागतो आणि पुढचे दोन दिवस खांदा दुखतो. आईचा हिशेब मी तेवढाच भरून काढू शकतो.